रापणीचा दोर आणि न सुटणारी मूठ

बाबा रापणीला जायचे तेव्हा मी पाचवी-सहावीत असेन. सुट्टीच्या दिवशी पहाटे त्यांच्या मागोमाग मीही किनाऱ्यावर जायचे. होडीतून अर्धगोल जाळं टाकून झालं की दोन्ही टोकांना माणसं लागत आणि दोर ओढायला सुरुवात होई. ओढत ओढत माणूस मागे सरकतो, वर कोरड्या वाळूत पोचला की दोर सोडतो आणि परत पाण्याच्या कडेला येऊन नवी जागा धरतो. बाबांचं नेमकं तिथंच अडायचं. दोर सोडायची वेळ आली की त्यांची मूठ उघडायची नाही. एक हात कसाबसा मोकळा झाला की त्या हाताने ते दुसऱ्या हाताची बोटं एकेक करून सोडवायचे. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं, असं. मागचा माणूस थांबायचा, कुणीतरी हाक मारायचं. चार-पाच फेऱ्या झाल्या की मात्र हात मोकळा व्हायचा आणि मग मासळी निवडेपर्यंत काही त्रास नसायचा.

"हाताक थंडी बसली आसा," ते म्हणायचे. आम्हीही तेच धरून चाललो.

आमच्या घरातला सगळा आजार त्या मुठीत होता. तो ओळखायला आम्हाला अठ्ठावीस वर्षं लागली. तोवर एक माणूस गेलं, एक मरता मरता वाचलं आणि एक बाळ यंत्रावर श्वास घेत जन्माला आलं. मालवण तालुक्यात मी प्राथमिक शिक्षिका आहे, वैद्यकाशी माझा काही संबंध नाही. पण गेल्या तीन वर्षांत जे भोगलं आणि जे समजून घेतलं ते लिहून ठेवावंसं वाटतं, कारण हा आजार एका माणसाकडे बघून कळत नाही.

आजीपासून सांगते. बाबांच्या आईला पंचेचाळिशीतच मोतीबिंदू झाला. चुलीच्या धुराने डोळे गेले असं सगळे म्हणत. बाकी ती ठणठणीत. शेवटच्या वर्षापर्यंत भातलावणीला चिखलात उतरायची. पंचाहत्तर वर्षं जगली. बाबांचे डोळे चांगले होते, पण तिशीतच पुढचे केस गेले, गाल आत बसले, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. बसल्या जागी झोप लागायची. भजनात टाळ हातात घेऊन झोपलेले मी त्यांना पाहिलंय. गावात त्यांना आळशी म्हणत आणि आईही कधी कधी चिडून तेच म्हणायची. हे आठवलं की तिला अजून रडू येतं. बावन्नाव्या वर्षी, माघात, एका पहाटे ते उठलेच नाहीत. पुण्यवान माणूस, झोपेत गेला, असं लोक म्हणाले. आम्हाला त्यात आधार वाटला होता.

२०२२ मध्ये माझी धाकटी बहीण गरोदर राहिली. वय एकतीस, पहिलंच मूल. सातव्या महिन्यात पोट फार मोठं दिसायला लागलं. सोनोग्राफीत पोटात पाणी जास्त आहे आणि बाळाची हालचाल कमी आहे असं आलं. साखर तपासली, तीही थोडी वाढलेली निघाली आणि सगळं त्या साखरेवर ढकललं गेलं. चौतिसाव्या आठवड्यात रात्री अचानक कळा सुरू झाल्या आणि तातडीने सिझेरियन करावं लागलं. घाईत तिला पूर्ण भूल दिली. ऑपरेशन झालं, पण भूल उतरल्यावर तिला नीट श्वासच घेता येईना. दोन दिवस व्हेंटिलेटरवर होती. कारण विचारलं तर 'पेशंट मुळातच कमजोर आहे' एवढंच उत्तर मिळालं.

बाळ मुलगी. रडली नाही. उचललं की ओल्या टॉवेलसारखी हातावर लोंबायची. वरचा ओठ मध्ये उंच, दोन्ही बाजूंना उतरता, आपल्या कौलारू घराच्या छपरासारखा. दोन्ही पावलं आत वळलेली. दूध ओढायची ताकद नाही. त्या रुग्णालयात कागदावर 'जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला' असं लिहिलं आणि एका डॉक्टरांनी माझ्या बहिणीला, ती अजून नीट बोलूही शकत नव्हती, विचारलं की गरोदरपणात नीट खाल्लं नाही का. तो प्रश्न तिच्या मनातून अजून गेलेला नाही. मीही विसरलेले नाही.

बाळाला आम्ही जिल्ह्याबाहेरच्या मोठ्या रुग्णालयात हलवलं. तिथल्या बालरोगतज्ज्ञ बाई बाळाला तपासून झाल्यावर खाटेशेजारी व्हीलचेअरवर बसलेल्या माझ्या बहिणीच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आपली दोन बोटं तिच्यापुढे धरली.

"घट्ट धरा. अजून घट्ट. हं, आता एकदम सोडा."

बहिणीने सोडली. म्हणजे सोडायचा प्रयत्न केला. तिची बोटं डॉक्टरांच्या बोटांभोवती तशीच राहिली आणि मग एखादं पान उलगडावं तशी सावकाश उघडली. मी मनात आकडे मोजत होते, आठपर्यंत पोचले. बहीण ओशाळून हसली. "थंडीत होतं असं. आमच्या बाबांचंही व्हायचं."

"बाबांचं काय व्हायचं?" डॉक्टरांनी विचारलं आणि स्टूल ओढून खाली बसल्या.

मी रापणीचं सांगितलं. त्यांनी केस विचारले, झोप विचारली, बाबा कसे गेले ते विचारलं. मग बाबांचे आईवडील. आजीला मोतीबिंदू झाला तेव्हा तिचं वय काय होतं, हे त्यांनी दोनदा विचारलं. खरं सांगते, मला राग आला होता. इथे बाळ यंत्रावर आहे आणि या बाई वीस वर्षांपूर्वी गेलेल्या म्हातारीच्या डोळ्यांची चौकशी करताहेत. पण निदान त्या वीस मिनिटांतच झालं. पुढच्या सगळ्या तपासण्या त्याची खात्री करण्यासाठी होत्या.

आजाराचं नाव मायोटॉनिक डिस्ट्रॉफी, पहिला प्रकार. स्नायू आवळला की सुटायला वेळ लागतो आणि हळूहळू अशक्त होत जातो.

बहिणीच्या हाताच्या स्नायूत बारीक सुई घालून त्यातली वीज मोजली. यंत्राला स्पीकर असतो. निरोगी स्नायू स्वस्थ असेल तर आवाज येत नाही. तिच्या हातातून होडीचं इंजिन दूरवर चढावं आणि उतरत विरून जावं तसा आवाज आला, परत आला, परत विरला. हात टेबलावर स्वस्थ पडलेला आणि आतून इंजिन चालू. मी तिच्या उशाशी उभी होते. बाबांच्या हातातही हेच चाललेलं असणार आणि ते थंडी म्हणत राहिले, हे तेव्हा एकदम अंगावर आलं.

मग रक्त मुंबईला गेलं आणि आम्हीही गेलो. जनुकीय समुपदेशन करणाऱ्या बाईंनी पहिल्यांदा एक कोरा कागद घेतला आणि आमची वंशावळ काढली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. वंशावळ आम्हाला नवी नाही, आमच्याकडे सातबाऱ्याच्या भांडणापायी प्रत्येक घरात ती असते. पण तिच्यात लेकी नसतात. इथे पहिल्यांदा आजीचा गोल सगळ्यांच्या वर आला आणि तिच्यापासून खाली रेघा निघाल्या. थोरले काका, आत्या, बाबा, मग आम्ही दोघी, चुलतभाऊ, आत्येबहिणी. ज्याला आजार आहे त्याच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. त्या एका कागदावर सतरा माणसं होती.

पुढचं जे त्यांनी समजावलं ते मला एका बैठकीत कळलं नाही. घरी येऊन वाचलं, फोन करून परत परत विचारलं. आता मला ते जसं कळलंय तसं लिहिते.

आपल्या १९ क्रमांकाच्या गुणसूत्रावर डीएमपीके नावाचं जनुक आहे. त्याच्या शेपटाकडे डीएनएची सी, टी, जी ही तीन अक्षरं एकापाठोपाठ पुन्हा पुन्हा येतात. प्रत्येकाच्यात येतात. ५ ते ३४ वेळा असतील तर काही बिघडत नाही. ३५ ते ४९ असतील तर त्या माणसाला काही होत नाही, पण पुढच्या पिढीत आकडा वाढू शकतो. ५० च्या वर गेला की आजार. थोडाच वर असेल तर कदाचित फक्त मोतीबिंदू. काहीशेवर गेला की मूठ, झोप, केस, हृदय. हजाराच्या वर गेला की बहुतेक वेळा जन्मतःच, आमच्या बाळासारखं. मोठा धक्का मला हा होता की हा आकडा स्थिर नाही. बाकीचं जनुक आईबापाकडून जसंच्या तसं येतं, पण ही पुनरावृत्ती एकदा लांब झाली की देताना आणखी लांब होते. आणि हजारांपर्यंतची मोठी उडी जवळजवळ नेहमी आईकडून येताना पडते. बाळाच्या त्या अवस्थेवरूनच डॉक्टरांनी आधी आईचा हात तपासला होता.

असं का होतं ते कळायला मला बाबांचीच जाळी उपयोगी पडली. पावसाळ्यात मासेमारी बंद असायची तेव्हा बाबा पडवीत बसून फाटलेली जाळी सांधायचे. लाकडी सुई आणि जाळ्याच्या डोळ्यांचं, म्हणजे विणीतल्या छिद्रांचं, माप ठेवायला बांबूची पट्टी. मी समोर बसून डोळे मोजायचे. सांधताना एखाद्या ठिकाणी दोरा ढिला राहून त्याचा फुगा आला तर तो ओढून घ्यायचा असतो. तसं न करता त्या फुग्यालाच गाठ मारली तर तिथे एक डोळा जास्तीचा होतो. आणि पुढची ओळ त्या जास्तीच्या डोळ्याला धरूनच विणली जाते. डीएनएचे दोन धागे असतात. ते उघडले की सी-टी-जीच्या लांब ओळीतला धागा स्वतःवरच दुमडतो आणि फुगा येतो. पेशीत अशा चुका दुरुस्त करणारी प्रथिनं असतात, त्यातलं एमएसएच३ हे या फुग्याला ओळखतं. पण पुष्कळदा फुगा काढून टाकण्याऐवजी समोरचा धागाच लांब करून दोन्ही सारखे केले जातात. सांधणाऱ्याच्या हातूनच डोळे वाढतात. ओळ जितकी लांब, तितके फुगे जास्त, म्हणून वाढलेला आकडा आणखी वाढत जातो.

ही वाढ फक्त आईबापाकडून मुलाकडे जातानाच होत नाही. एकाच माणसाच्या अंगात, वयाबरोबर, ती चालूच असते. रक्तात जो आकडा येतो त्याहून स्नायूतला आकडा खूप मोठा असतो. बहिणीच्या तपासणीचं चित्र मला दाखवलं. जनुकाच्या आईकडून आलेल्या नेहमीच्या प्रतीची ठळक, बारीक रेघ होती. बाबांकडून आलेल्या वाढलेल्या प्रतीच्या जागी रेघ नव्हतीच, वरपासून खालपर्यंत पसरलेला धुरकट पट्टा होता, ओल्या कागदावर शाई फुटावी तसा. रक्ताच्या वेगवेगळ्या पेशींत वेगवेगळा आकडा असल्यामुळे असं दिसतं. म्हणून अहवालात आकड्याच्या आधी 'सुमारे' लिहिलेलं असतं. आकड्यावरून कुणाचं पुढे काय होईल हे अचूक सांगता येत नाही, असं आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

मला आणखी एक कोडं पडलं होतं. ही अक्षरं म्हणे प्रथिन बनवण्याच्या भागात येतच नाहीत. मग शेपटातल्या अक्षरांनी डोळा, हृदय, हात, झोप, साखर, एवढं सगळं कसं बिघडतं? तर त्या जनुकाची आरएनए ही नक्कल निघते, तीही तितकीच लांब. ती पेशीच्या केंद्रकात गुंता होऊन बसते आणि एमबीएनएल नावाची प्रथिनं त्या गुंत्यात अडकतात. ती प्रथिनं इतर कितीतरी जनुकांचे संदेश कापून नीट जोडायच्या कामाची. तीच अडकल्यावर स्नायूतला क्लोराइडचा मार्ग नीट बनत नाही, म्हणून मूठ सुटत नाही. इन्सुलिन घेणारी जागा नीट बनत नाही, म्हणून साखर वाढते. हे कळल्यावर बहिणीच्या त्या वेळच्या साखरेचाही उलगडा झाला.

समुपदेशक बाईंनी या आजाराचा इतिहासही थोडा सांगितला आणि तो मला फार लागला. १९०९ मध्ये श्टाइनर्ट नावाच्या जर्मन डॉक्टरांनी आजाराचं वर्णन केलं. १९१८ मध्ये फ्लायशर या नेत्रतज्ज्ञांच्या लक्षात आलं की या रुग्णांच्या आधीच्या पिढ्यांत, दिसायला निरोगी असलेल्या माणसांत, मोतीबिंदू सापडतो. पिढीगणिक आजार लवकर आणि जास्त जोराने येतो असं डॉक्टरांना दिसत होतं. पण १९४८ मध्ये लायोनेल पेनरोझ या मोठ्या शास्त्रज्ञाने हा निव्वळ बघण्यातला दोष आहे, असं काही खरोखर होत नाही, असं मांडलं आणि ते कित्येक वर्षं मानलं गेलं. १९९२ मध्ये जनुक सापडलं, वाढता आकडा सापडला आणि घरच्यांना दिसत होतं ते खरं ठरलं. मी पाचवी-सहावीत होते ती हीच वर्षं. बाबा दोर सोडवत होते तेव्हा तिकडे उत्तर मिळालेलं होतं.

बाळाचा आकडा १२०० च्या वर आला. बहिणीचा सुमारे ६००.

माझी तपासणी करायची की नाही हे माझ्यावर होतं. 'तुम्हाला हे का जाणून घ्यायचंय?' असं समुपदेशक बाईंनी विचारलं आणि उत्तर द्यायला घाई करू नका असंही म्हणाल्या. मी दोन महिने थांबले. खरं तर मला माहीत होतं. थंडीच्या दिवसांत सकाळी फळ्यावर तारीख आणि सुविचार लिहून झाला की खडू हातातून खाली ठेवायला वेळ लागायचा. मुलांकडे पाठ असायची म्हणून कुणाला दिसायचं नाही. मी तो हात साडीच्या पदराखाली घ्यायचे आणि मनात दुसराच काही विचार काढायचे. बहिणीची मूठ उघडताना मी आकडे मोजत होते ना, त्या रात्री घरी येऊन मी स्वतःची मूठ मोजली होती. तीन.

माझा आकडा सुमारे १८० आला. दोघी एकाच बापाच्या, पण तिला इतका आणि मला इतका. तिच्यासमोर मला माझा आकडा सांगताना लाज वाटली, जसं काही वाटणीत मी जास्त घेतलं. तीच म्हणाली, "ताई, तुला कमी आला हे चांगलंच आहे की. बाळाला बघायला कुणीतरी हवं."

नेत्रतज्ज्ञांनी यंत्रातून माझा डोळा बघितला आणि आपल्या शिकाऊ डॉक्टरला बोलावून दाखवला. भिंगात लाल-हिरवे बारीक चमकते कण आहेत म्हणे. मला काही त्रास नाही, दिसतंही स्वच्छ. आजीच्या डोळ्यांतही आधी हेच असेल, चुलीच्या धुराच्या कितीतरी आधी.

ईसीजीचं मात्र विस्ताराने सांगायला हवं. या आजारात हृदयाचे ठोके पाठवणारी वाट हळूहळू मंद होते. माणसाला छातीत दुखत नाही, दम लागत नाही, काहीच कळत नाही आणि एखाद्या वेळी ती वाट बंद पडते किंवा ठोके भलतेच धावतात. वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात संदेश पोचायला २०० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागणं ठीक. माझे २२६ आले, बहिणीचे २५० च्या वर. आता आम्ही दोघी दरवर्षी ईसीजी काढतो, बहिणीला चोवीस तासांचं यंत्रही लावतात आणि पेसमेकर कधी बसवायचा याकडे डॉक्टरांचं लक्ष आहे. साधी पट्टी निघते ती, तालुक्याला कुठेही निघते. बाबांची ती आयुष्यात एकदाही निघाली नाही. ते कशाने गेले हे आता सिद्ध करता येणार नाही. पण झोपेत गेले याचा जो आधार आम्हाला वाटत होता तो आता राहिलेला नाही. आईला हे सांगायचं की नाही यावर आम्ही दोघी खूप भांडलो. शेवटी सांगितलं. ती काही बोलली नाही, उठून तुळशीपाशी जाऊन बसली.

आईच्या मनात देवाला कौल लावायचा होता. घराण्यात काही राहून गेलंय, मूळपुरुषाचं काही असेल, असं शेजारपाजारचे सांगत होतेच. मी तिला अडवलं नाही, तिच्याबरोबर देवळात गेले. गाऱ्हाणं घालताना सगळ्या घराण्याचं नाव घेऊन म्हणतात, लेकीबाळी, पोरंटोरं, गावात असतील, मुंबईत असतील, सगळ्यांची राखण कर म्हणून, आणि मागे उभे असलेले 'व्हय महाराजा' म्हणतात. मीही म्हटलं. समुपदेशक बाईंच्या कागदावरची सतरा माणसं माझ्या डोळ्यांसमोर होती आणि त्यातल्या अकरा जणांना अजून काहीच माहीत नव्हतं.

त्यांना सांगायचं ठरलं चतुर्थीला. गणपतीत आमच्या मूळ घरी सगळे येतात, काकांचं कुटुंब मुंबईहून, आत्याच्या मुली देवगडहून. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर माटवीखाली सगळे बसले होते. माझा थोरला चुलतभाऊ मुंबईत बस चालवतो. अठ्ठेचाळीस वर्षांचा. तो भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपला होता, पापण्या अर्ध्या उघड्या, पुढचे केस गेलेले. त्या उजेडात तो हुबेहूब बाबा दिसत होता. मी बोलायला सुरुवात केली तेव्हा माझा आवाज कापत होता.

काकीने मला पुरतं बोलूही दिलं नाही. "आमच्या घराण्यात असला काय नाय. नातींची लग्ना जावची आसत माझ्या, माहीत आसा मा तुका?" भाऊ जागा झाला होता. त्याने सगळं ऐकलं आणि एकच म्हणाला, "माका माझी नोकरी घालवची नाय." आणि उठून बाहेर गेला. आत्येबहिणींपैकी एकीने मात्र स्वयंपाकघरात येऊन हळूच हात पुढे केला, मूठ मिटली, उघडली. चटकन उघडली. तिने तीनदा करून बघितली आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

मला काकीचा राग येत नाही. मुलींच्या लग्नाची भीती खोटी नाही, आपल्याकडे स्थळं अशाच कारणांनी मोडतात. नोकरीची भीतीही खोटी नाही. पण दिवसा झोपेची गुंगी येणारा माणूस बस चालवतो आणि आत त्याच्या हृदयाची वाट मंद होत असेल, हे माहीत असून मी गप्प बसू शकत नव्हते. मी शाळेत बसून मराठीत एक पानभर मजकूर लिहिला, डॉक्टरांकडून तपासून घेतला आणि सगळ्यांना पोस्टाने पाठवला. त्यात आकडे नव्हते, घाबरवणारं काही नव्हतं. दरवर्षी ईसीजी काढा. डोळे तपासा. साखर बघा. कुठलंही ऑपरेशन असेल, अगदी हर्नियाचं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या आजाराचं नाव आधी सांगा, कारण सक्सिनिलकोलिन या औषधाने स्नायू आखडू शकतात आणि गुंगीच्या व दुखण्याच्या औषधांनी श्वास मंदावतो. घरात कुणी गरोदर असेल तर पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना सांगा. बहिणीच्या बाबतीत ते एक पान आधी असतं तर ते दोन दिवस आले नसते.

आजार बरा करणारं औषध आज नाही. मूठ सैल व्हायला मेक्सिलेटिन नावाची गोळी आहे, पण ती हृदय बघूनच द्यावी लागते, बहिणीला ती दिली नाही. त्या लांब आरएनएलाच गाठणाऱ्या औषधांच्या चाचण्या परदेशात चालू आहेत. आम्ही त्यांची बातमी बघतो आणि रोजचे व्यायाम करतो.

बहिणीला दुसरं मूल हवंय. गर्भाच्या वारेचा नमुना साधारण अकराव्या आठवड्यानंतर घेऊन तपासता येतो, त्यासाठी १९९४ च्या गर्भलिंग प्रतिबंधक कायद्याखाली नोंदणी असलेल्या केंद्रातच जावं लागतं. तिचा नवरा प्रत्येक वेळी तिच्याबरोबर येतो. ठरायचं ते त्यांचं ते ठरवतील, मी विचारत नाही.

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याला काही त्रास नाही, म्हणून त्याची तपासणी करायची नाही, मोठा झाल्यावर त्याचं त्याने ठरवायचं, असं मला नीट समजावलं गेलं आणि मला ते पटतं. तरी तो क्रिकेट खेळायला लागला की मी खिडकीशी जाते. चेंडू हातातून वेळेवर सुटतो का ते बघते. त्याला हे माहीत नाही. एकदा त्याने मागे वळून बघितलं आणि हात हलवला, पाचही बोटं पसरून.

बाळ आता तीन वर्षांचं आहे. चौदाव्या महिन्यात बसली, पावलांना पट्ट्या लावून आता धरून चालते. बोलायला उशीर आहे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी चार हेलपाटे झाले, पण २०१६ च्या कायद्यात स्नायूंच्या या आजारांचा उल्लेख आहे हे दाखवल्यावर काम झालं. तिला वाळू फार आवडते. मुठीत घेते आणि ती मूठ उघडेपर्यंत आम्ही सगळे थांबतो. तिला गंमत वाटते, आपल्यासाठी सगळे थांबतात याची.

गेल्या पौषात रात्री साडेदहाला चुलतभावाचा फोन आला. चतुर्थीनंतर तो माझ्याशी बोलला नव्हता. इकडची तिकडची चौकशी झाली, मिरचीला भाव काय, आईचे गुडघे कसे आहेत. मग बराच वेळ तो काही बोलेना. मागे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

"तुझ्या त्या कागदात लिवलेला," तो म्हणाला, "ईसीजी काढूक उपाशी जावक लागता काय गो?"

"नाही दादा. जेवून जा. आणि तो कागद डॉक्टरांना दाखव."

"बरा," तो म्हणाला. "थोरल्या चेडवाक पण घेवन जातंय."